वाईट बातम्या सोडल्याचं वर्तमान

कुंभकोणम्, शुक्रवार सकाळ

तीर्थस्वरूप गोदाक्कास, धाकट्या जानकीरामचा साष्टांग नमस्कार. पुण्याच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? (कोणत्या प्रकारचा खोकला, हे मी विचारत नाही. पूर्वी विचारलं असतं आणि वर चार भयानक लेखही पाठवले असते.) आम्ही इथे सुखरूप आहोत. पत्र मुद्दाम तुमच्या पुण्याच्या मराठीत लिहितो आहे. आपली तंजावरची बोली वाचून तुझी नातवंडं हसतात असं कळलं. हसू देत, पण पत्र वाचून झाल्यावर.

अक्का, हे पत्र तुझे आभार मानायला आहे. तुझ्या वाढदिवसाला मी फोन केला आणि शुभेच्छा द्यायच्या आधी पुलांना गेलेले तडे, दुधातली भेसळ आणि बसल्या जागी मरणारी माणसं, हे सगळं तुला ऐकवलं. तेव्हा तू कडाडलीस, की लोक काशीला जाऊन आवडती भाजी सोडतात, तशी तू ही बातम्यांची खोड सोड एकदाची! तू फोन आपटलास. मी पुन्हा मोबाईल वर सरकवत बसलो. तुला राग आला म्हणून सुधारेन इतका मी लेचापेचा नाही.

सुधारलो ते समोरच्या मीनाक्षीबाईंमुळे. भाजीवाल्याच्या गाडीपाशी त्यांनी मला विचारलं, कीर्तिची नवी स्कूटर कशी चालते? कसली स्कूटर? आमची मुलगी सासरी कोइमतूरला स्कूटर घेते, तिची पूजा होते, चाकांखाली लिंबं चिरडली जातात, मीनाक्षीबाईंना फोटो जातो आणि बापाला पत्ता नाही! घरी येऊन सीतेला जाब विचारला. ती डोशाचं पीठ ढवळत शांतपणे म्हणाली, “तुम्हांस सांगून काय करायचें? अस्के अपघात तुम्ही तिला पाठवणार.” (आपल्या बोलीतलं ‘अस्के’, म्हणजे सगळे. तुझ्या नातवंडांसाठी खुलासा.) अक्का, तिचं खरंच होतं. डास चावला असं कीर्ति सहज म्हणाली होती, तेव्हा मी तिला डेंग्यूने गेलेल्यांचे फोटो पाठवले होते. माझी एकुलती एक मुलगी मला आनंदाची गोष्ट सांगायला घाबरते, हे कळलं आणि मला फार वाईट वाटलं. वाईट बातम्यांचा एवढा सराव असूनही ही एक सहन होईना.

मग तुझं बोलणं आठवलं. आता काशीला कुठे जायचं? आपल्या महामहम् तळ्याच्या काठी काशी विश्वनाथ आहे, तळ्यात गंगा येते असं आपण जन्मभर ऐकत आलो, मग रेल्वेचं रिझर्वेशन कशाला? गुरुमूर्ति शास्त्रींना बोलावलं. (आपल्या वडिलांचं श्राद्ध तेच करतात. हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे मंत्र मोठ्याने म्हणतात.) पायरीवर बसवून त्यांनी हातात पाणी दिलं आणि विचारलं, कोणती भाजी सोडता? मी म्हटलं, वाईट बातम्या. ते म्हणाले, हे शास्त्रात नाही. फळ सांगा, भाजी सांगा, पण मनापासून आवडणारी हवी. मी आठवू लागलो, अक्का, आणि मला काही आठवेचना! सीता मागून म्हणाली, यांना काय आवडतं ते यांनाच ठाऊक नाही, आज सकाळी काय खाल्लं ते विचारा. मी ठासून सांगितलं, उप्पुमा. पोंगल होता. तूप, मिरी, काजू घालून केलेला. शास्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे बातम्यांचाच संकल्प सांगायला घेतला. संकल्पाच्या मध्येच त्यांच्या कमरेचा मोबाईल थरथरला. त्यांनी तो पाहिला, त्यांचे डोळे मोठे झाले, आणि मंत्र तसाच टाकून त्यांनी तो माझ्यापुढे धरला, हे पाहिलंत का! कुठेतरी मोठी आग लागली होती. मी पाहणारच होतो, तेवढ्यात सीतेने दोघांचेही मोबाईल काढून पिशवीत टाकले. शास्त्रींचा त्यांना संध्याकाळी परत मिळाला. माझा अजून नाही. माझ्याकडे आता बटणांचा फोन आहे, त्यावर फक्त माणसं बोलतात.

पुढचे दिवस कठीण गेले. आपल्या सुरेंद्रकाकांनी काशीत आंबा सोडला होता आणि फळ सोडलंय, लोणचं नव्हे, म्हणून बरणीच्या बरण्या संपवल्या होत्या, आठवतं? तेच रक्त माझ्यात. मी म्हटलं, बातम्या सोडल्या, हवामान नव्हे, आणि रेडिओवर वादळं ऐकू लागलो. सीतेने रेडिओही नेला. जवळच्या दारासुरमला साडी पाहायला गेलो, तर मणी नावाचा विणकर मागावर धोटा टाकत होता आणि मी त्याच्या खिडकीत ठेवलेल्या मोबाईलकडे मान लांबवत होतो. मान वाकडी ती वाकडीच राहिली. सीता दोन दिवस तेल लावत होती, पण तेवढ्यात तिने मला पुष्कळ काही सांगितलं. तिच्या भावाशी ती पुन्हा बोलू लागली आहे, हे मला तेव्हा कळलं. आता मी कॉफी गरम पितो. (कुंभकोणमात राहून इतके महिने गार कॉफी प्यायलो, हे बाहेर सांगू नकोस.) झोप लागते. तू रागावलीस म्हणून हे झालं, अक्का. तुझे उपकार मी मानतो, आणि तू अशीच रागावत राहा.

तुझा धाकटा,
जानकीराम

ता. क. तू स्वतः रोज सकाळी जे पाठवतेस (किडनीचं, भूकंपाचं, आणि ते प्लास्टिकच्या तांदळाचं), ते आता सीतेच्या मोबाईलवर येतं. ती न वाचता पुसते. तूही विचार कर. पुण्याहून काशीला गाडी आहे.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी सकाळी मी तुला फोन करून एक बातमी सांगणार आहे. इथे लिहीत नाही, तोंडाने सांगायची आहे. कीर्तिचा मंगळवारी फोन आला. ती म्हणाली, “अप्पा, सगळ्यांच्या आधी तुम्हालाच सांगते.” ऐकून मी एवढंच विचारलं, की तुला काय खावंसं वाटतंय? ती रडायलाच लागली, आणि मीही. सीतेला सांगितलं तेव्हा तिला फार आश्चर्य वाटलं. तरी कीर्तिची जुनी अंगडी-टोपडी सोमवारपासून गच्चीवर वाळत आहेत, हे मी पाहिलं आहे. तुलाही बहुधा कळलं असेल. मी काहीही सांगितलं की “हे मला कालच आलं” म्हणायची तुझी सवय आहे. अक्का, तुझ्या पाया पडतो, रविवारी तेवढं म्हणू नकोस. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ओरड.