नववा स्पेसर

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. दवाखान्याचा कॉम्प्युटर उस्तादांनी तपासून दिलेल्या पॉवर सप्लायमुळे जळाला, असं कळवलं होतं. तसं नव्हतं. काल भंगारात टाकण्याआधी मदरबोर्ड उलटा करून पाहिला, तर खालच्या सोल्डरच्या टाक्यांवर काळा गोल डाग. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून आपण पितळी स्पेसर बसवतो ना, त्यातला एक नेमका तिथेच उभा होता. बोर्ड लहान, त्याला भोकं आठ. मी मात्र घरच्या शिस्तीने केसमधल्या नऊही जागांवर स्पेसर पिळले होते. नवव्याने बोर्ड शॉर्ट केला. सप्लाय दुसऱ्या मशीनला लावून पाहिला, ठणठणीत आहे.

मालकांना सप्लायचं नाव मीच सांगितलं होतं. उस्ताद दुकानातले सर्वांत जुने कारागीर. त्यांना आता महिनाअखेरीपासून घरी बसायला सांगितलंय. मला एवढंच म्हणाले, की पोरी, डोळे दगा देतात, असेल माझंच. बाबा, हे मला गिळवत नाही.

आईला सांगू नका, ती जेवायची नाही. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लिफाफा आईनेच फोडला. एवढी भेदरट पोरगी कुणावर गेली ते आपल्याला ठाऊक आहे, असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. जेवली मात्र.

चूक माझी आहे. माझ्या टेबलावर जन्मभर एकाच मापाचे बोर्ड आले, म्हणून एकही जागा रिकामी ठेवायची नाही, हे तुझ्या डोक्यात भरवलं. आधी बोर्ड वर धरून भोकं बघायची, हे सांगायचं राहिलं. मालकांना माझं नाव सांग. माझं दुकान कधीच बंद झालं, मला कोण काय करणार? तुझ्या नोकरीला अजून वर्षही नाही. हवं तर मीच त्यांना पत्र घालतो.

तब्येतीला जप. या म्हाताऱ्या बापावर राग धरू नकोस.

तुझे
बाबा

१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र घालू नका. शिकवलंत तुम्ही, पण भोकं मोजायला डोळे मला होते. तुमचं नाव पुढे केलं, तर उस्तादांच्या जागी तुम्हांला उभं केल्यासारखं होईल.

काल दवाखान्यासाठी नवा बोर्ड बसवला. आधी वर धरला, जास्तीचा स्पेसर काढला, सगळे स्क्रू सैल लावून मग समोरासमोरचे आवळले. उस्तादांना बघा म्हटलं, तर म्हणाले, माझ्या नजरेचा काय भरवसा. पूर्वी हेच उस्ताद न विचारता माझ्या हातातला पेचकस काढून घ्यायचे.

मालक रविवारी गावाहून परततात. नोकरी गेली तर माझी खोली झाडून ठेवा. जे होईल त्यासकट मला आपली म्हणा.

तुमची
धाकटी

ता. क. दिवस लिहायचा राहिला, की मी टाळला, कोण जाणे. मालकांना सगळं सांगणार आहे, उस्तादांच्या देखत. सोमवारी, १६ मार्चला, सकाळी दहा वाजता.