तिसऱ्या रकान्यातला शब्द

वुनिदिलो,
रविवार, १४ मे

प्रिय आपेनिसा,

तुला, तुझ्या बायकोला आणि मी अजून न पाहिलेल्या तुझ्या लेकीला आईचे आणि माझे आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा धरतो, बाकी तब्येत बरी. वादळापासून राहतोय त्या तंबूतसुद्धा पहाटे सगळ्यांना प्रार्थनेला उठवते आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खाते. ब्रिस्बेनहून पाठवलेली ताडपत्री पोहोचली. ती चर्चला दिली, रागावू नकोस.

शाळेचं छप्पर उडालंय, वर्ग आंब्याखाली भरतो. अळकुड्या सगळ्या खाऱ्या पाण्याने कुजल्या. कसावा थोडा वाचलाय, मासळी मिळते.

फोनवर तू दोनदा घराचं विचारलंस आणि मी दोन्ही वेळा आवाज येत नाही म्हणाले. आवाज नीट येत होता. घर नाही. जोतं तेवढं उरलंय. बाबांची कबर वाळूत गेली होती, ती आम्ही उकरून मोकळी केली. थोरल्या काकांची सून वासिती आणि तिचं बाळ गेलं, हे तुला कळलंच असेल. कसं, ते पुढे सांगते. आपल्याकडे बहीण-भावाने तोंडावर फार बोलायची रीत नाही, म्हणून पत्रच बरं. उद्या नर्सबाई दवाखान्याच्या बोटीने सुव्हाला जातायत, त्यांच्याकडे देईन.

वादळानंतर महिन्याभराने एक अधिकारी इंग्रजी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. प्रत्येक घरासाठी तीन रकाने, एकावर खूण करायची. दोन दिवसांनी येऊन नेतो म्हणाला. संध्याकाळी सगळे चर्चच्या अंगणात जमले. यंगोना प्यायची वाटी फिरली आणि थोरले काका मला म्हणाले, "टीचर, हे तीन शब्द काय आहेत ते सांग."

मी शाळेतल्यासारखं सांगितलं. रिपेअर म्हणजे मोडलेलं दुरुस्त करणं. रिस्टोअर म्हणजे होतं तसं पूर्ववत करणं. रीबिल्ड म्हणजे पुन्हा बांधणं.

"मग तिन्ही एकच की!" विलिवे म्हातारा म्हणाला. "माझे दात कुठल्या रकान्यात घालू?"

"तुझे दात होते कधी?" त्याची बायको म्हणाली. वादळानंतर पहिल्यांदाच सगळे हसले.

काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "दुरुस्त किंवा पूर्ववत करायला भिंतच नाही. म्हणजे आपला तिसरा. पुन्हा बांधायचं ते आपल्याच जोत्यावर ना?"

दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की तिसरा रकाना निवडला तर नवं घर शाळेच्या टेकडीवर मिळेल, आणि खालच्या जागेवर पुन्हा कधी घर बांधता येणार नाही. मी ते दुपारीच वाचलं होतं.

मी म्हणाले, "शब्दाचा अर्थ पुन्हा बांधणं एवढाच आहे, काका."

खोटं नव्हतं. पण खरं बोलले असंही कुणी म्हणणार नाही. तेवीस घरांनी तिसऱ्या रकान्यात खूण केली. काकांनी सही करताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

एप्रिलात मोजणीवाले आले आणि टेकडीवर खुंट्या ठोकायला लागले. पुरुष धावत गेले. तुमची जागा चुकली, खाली चला, म्हणाले. मोजणीवाल्यांनी दुसरं पान काढून दाखवलं.

त्याच दिवशी मला सभेत बोलावलं. मी सांगितलं, हो, वाचलं होतं, मुद्दाम लपवलं. कारण विचारलं तेव्हा वासितीचं सांगितलं. वादळाच्या दिवशी शाळेकडे पळताना आई माझ्या पाठीवर होती, वासिती बाळाला घेऊन माझ्या मागे चालत होती. कमरेएवढं पाणी होतं. ती ओरडून म्हणाली, "ताई, थोडं हळू!" मी हळू चालले नाही. शाळेच्या पायरीवर पोहोचून वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. भर दुपार होती, सगळं स्वच्छ दिसत होतं. तुम्ही परत त्याच जागी राहणार, पुढच्या वेळी मी कुणाकुणाला मागे टाकू, असं मी विचारलं.

मग काका म्हणाले, "समुद्राने घर नेलं, ते मी समजतो. तू माझी सही नेलीस, लोसालिनी. खरं सांगितलं असतंस तर मी कदाचित वरच गेलो असतो. आता ते कधीच कळायचं नाही."

मी अधिकाऱ्याला निरोप पाठवला. तो चांगला माणूस. सगळे फॉर्म घेऊन आला, ज्याला नको त्याने फाडावा म्हणाला. या वेळी दोन्ही पानं मी आपल्या भाषेत मोठ्याने वाचली, दोनदा. सहा घरांनी फाडले. सतरा घरं वर जाणार. काकांनी फाडला नाही. पण माझ्याशी बोलतही नाहीत. चर्चमध्ये माझ्या चटईवर आता आईशिवाय कुणी बसत नाही. पोरंसुद्धा धडा वाचून झाला की विचारतात, "टीचर, पुढच्या पानावर काय आहे?" कुणीतरी शिकवल्याशिवाय पोरं असं विचारत नाहीत.

माफी मागायची तर रीतीने, देवमाशाचा दात पुढे ठेवून मागायला हवी. आपल्या घरचा दात आईने वादळात कमरेला बांधून वाचवलाय. पण बाईने तो पुढे करायचा नसतो. चुलतभाऊ तयार होता, काकांनी त्याला परत पाठवलं. म्हणाले, "तिचा सख्खा भाऊ जिवंत आहे ना?"

आता जे लिहायचं टाळत होते ते.

सहा वर्षांपूर्वी तू याच सभेत म्हणाला होतास की नवं घर टेकडीवर बांधू, समुद्र दरवर्षी जवळ येतोय. बाबा म्हणाले, "परदेशात चार खिळे ठोकून आला आणि बापाचं जोतं सोडायला शिकवतो." सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलंस. शिकलेली मी होते, भरतीच्या खुणा वर्गात मीच मुलांना मोजायला लावत होते. तू बरोबर आहेस हे मला ठाऊक होतं. मी खाली मान घालून चटया गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी तू गेलास. बाबांच्या मातीला आला नाहीस म्हणून मी तुला सगळ्यांदेखत बोल लावले. तेव्हाही स्वतःचं सांगितलं नाही.

त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर वासिती आज वर राहत असती की नाही, माहीत नाही. मी रोज तेच धरून बसते.

आणखी एक. आपलं घर बाबांनंतर तुझ्या नावावर आहे. फॉर्मवर तुझी सही मी केली. वरची जागा तू पूर्वी दाखवली होतीस तीच, फणसाच्या पलीकडची. ते जोतं आता कायमचं सुटेल आणि बाबा खाली एकटे राहतील. हे ठरवायचा हक्क तुझा होता. नको असेल तर लिही, मी स्वतः जाऊन फॉर्म रद्द करून येईन.

माझ्यासाठी तो दात पुढे करायला आलास तर ज्यांनी तुला हसून घालवलं त्यांच्यापुढे तुला मान खाली घालून बसावं लागेल, तेही माझ्या चुकीसाठी. कदाचित ते दात घेणारही नाहीत. हे मागायला मला तोंड नाही. तरी मागते.

आईला पत्रातलं काही सांगितलेलं नाही. पण ती गेले दोन दिवस आपल्या शेजारी अंथरायला एक जादा चटई विणतेय.

वाट पाहते, असं लिहिण्याचा अधिकार मी घालवला आहे. बोट दर गुरुवारी येते.

तुझी बहीण,
लोसालिनी