ते आमेन

धुळे, बुधवार, मार्च १९८८

आज आमच्या घरी प्रार्थना होती. पाळी माझ्यावर आली आणि तोंडून निघून गेलं, "प्रभू, ह्यांना बरं कर." हे जाऊन महिना झाला! आजारपणात वर्षभर रोज तेच मागितलं, जिभेला दुसरं सुचतच नाही. आणि सगळे आमेन म्हणाले, तसंच होवो म्हणून. सवयीनं? की माझी कीव आली म्हणून? सासूबाईंचं आमेन तर सगळ्यांत मोठं.

मंडळी गेल्यावर त्यांना म्हटलं, "चुकलं माझं. आता मला प्रार्थना करायला सांगू नका."

त्या सतरंजीची घडी करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी बी मनमा रोज हाईच मांगस."

सतरंजीचं दुसरं टोक मी धरलं.

ते आमेन कानातून जात नाही. उद्याही प्रार्थनेला बसेन, प्रभू. पण आमेन म्हणायची पाळी तुझी.