पुरानंतर न दिलेलं पाणी

प्रिय अक्का,

तुझी शांता वाचली. आज सकाळी उठून बसली आणि भाकरी मागितली. दुधात कुस्करून दिली तर तोंड वाकडं केलं, बाईसाहेबांना वर चटणी हवी होती! सारं घर हसलं. मी मात्र चुलीपाशी जाऊन रडले, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. मला तुझा राग आला होता, माझा आला होता, तुझ्या सासूचा, आत्याबाईंचा, तर इतका की हातातली फुंकणी फेकून मारावीशी वाटली. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाशी बोलू? या घरात तुझं नाव काढलं की सगळ्यांना कामं आठवतात.

आपल्या संस्थानातल्या सरकारी शाळेत सगळं उर्दूत, म्हणून आण्णांनी माहेरी तामलवाडीच्या ओसरीवर बसवून आपल्या दोघींकडून मराठी बाराखडी गिरवून घेतली. तुझ्या ओळी सरळ जायच्या, माझ्या उताराला लागायच्या. अजून तशाच आहेत. हसू नकोस.

पाच वर्षं झाली गं. माहेरी बाळंतपण आटपून तू सासरी निघालीस, तेव्हा पोर सांभाळायला म्हणून आईनं मला तुझ्याबरोबर धाडलं. महिनाभरासाठी आले होते. अजून इथंच आहे.

आठवतो तो पूर? सीना तीन दिवस गावात होती. आपण माळावर कडब्याच्या खोपीत बसलो होतो, आणि तू म्हणालीस, "यमे, निदान धुणं तरी न्हाय आज." पाणी उतरलं तेव्हा खरी दैना कळली. घरात गुडघाभर गाळ, कुंपणात अडकलेली मेलेली जनावरं, आड चिखलानं बुजलेला. प्यायला मिळेना, तेव्हा लोकांनी नदीकाठी झिरे उकरले आणि तेच गढूळ पाणी प्यायले. आठ दिवसांत पटकी आली.

सरकारची मदतही आली म्हणा! आदल्या सुगीला लेव्ही म्हणून सक्तीनं नेलेली ज्वारीच मदत म्हणून परत आली, तीही मोड आलेली. एक साहेब घोड्यावर बसून गाळ बघून गेले. त्यांचा तंबू आणि खुर्च्या वाहायला गावातले धडधाकट गडी वेठीला धरून नेले, त्यात दाजीही गेले. तुझ्या उशाशी बसायचं तेव्हा तुझा नवरा साहेबाच्या खुर्च्या वाहत होता. डॉक्टर द्या म्हणून अर्ज केला, तर तो मराठीत आहे म्हणून परत आला. नदीच्या पलीकडे इंग्रजांच्या मुलखात डॉक्टरचा पांढरा तंबू आपल्याला दिसत होता. बघत बसायला कुणाची मनाई नव्हती.

तुला सकाळी ढाळ-वांत्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत तुझे डोळे खोल गेले. पायांत असे गोळे यायचे की तू दाताखाली पदर धरायचीस. आत्याबाई तुझ्या पायांना सुंठ चोळत होत्या. खोटं कशाला बोलू, मनापासून चोळत होत्या.

तेवढ्यात तालुक्याच्या दवाखान्यातले कंपाउंडरचाचा आले. उसनी घोडी, कमरेपर्यंत भिजलेला पायजमा, हातात लाकडी पेटी. पेटी उघडून दाखवली, आत रिकाम्या बाटल्या. सुईचं औषध पहिल्या दोन गावांतच संपलं होतं. लढाईमुळं मागून माल येत नाही म्हणाले. मग तुझी नाडी बघितली आणि आत्याबाईंना हात जोडले.

"पानी देव अम्मा. उबालके, नमक डालके, घूंट घूंट देते रव. दवा नइं मेरे पास, पानी तो हैना!"

त्यांच्यासमोरच मी पाणी उकळलं, मीठ टाकलं, तांब्या झाकून ठेवला. ते पुढच्या गावाला गेले आणि आत्याबाई तांब्याकडं बघून म्हणाल्या, "त्याचं काय जातंय? सून माझी मरंल. पटकीत पानी पाजलं की पटकी वाढतीया. तुझ्या दाजीला झालती, तवा म्या दोन दिस त्याच्या व्हटाला थेंब लागू दिला न्हाय. वाचला का न्हाय?"

वाचले होतेच. इतके धडधाकट, की वेठीला धरून नेले होते.

मग आत्याबाईंना गावाबरोबर शिवेवर जायचं होतं. पटकी जावी म्हणून मरीआईचा गाडा गावाबाहेर काढत होते, घरटी एक बाईमाणूस नैवेद्य घेऊन हवं होतं. तीन महिन्यांची शांता माझ्या मांडीवर होती. दारातून वळून त्या परत आल्या. "ह्या लेकराच्या डोस्क्यावर हात ठिव अन् बोल, थेंब देनार न्हाय."

मी हात ठेवला. बोलले.

त्यानंतर तू चारदा पाणी मागितलंस. पहिल्यांदा हुकूम सोडल्यासारखं, तू मोठी होतीस ना! दुसऱ्यांदा "यमे, थोडंच". तिसऱ्यांदा नुसता हात हलवलास. तांब्या माझ्या गुडघ्याजवळ होता अक्का, वीतभर अंतरावर. मी उठले, पडवीत गेले, परत आले. गाड्यापुढच्या हलगीचा आवाज शिवेकडून येत होता. चौथ्यांदा तू मागितलंस आणि मी रडत रडत सांगून टाकलं, की लेकराची शपथ घातलीय गं मला, पाणी दिलं तर शांता जाईल.

आणि मग तू मागणंच सोडलंस!

का सोडलंस? आपलं भांडण तर इथं आहे. मला एक शिवी द्यायची होतीस. "मूर्ख आहेस, शपथेनं कुणी मरत नाही," म्हणायचं होतंस. लहानपणी सगळ्या शपथा मोडायला तूच शिकवलंस, देवापुढचा खडीसाखरेचा खडा तूच चोरायला लावलास! त्या दिवशीच मेली देवभोळी झालीस? तू शांताकडं बघितलंस, माझ्याकडं नाही. मग भिंतीकडं तोंड केलंस. आत्याबाई परत आल्या तेव्हा तू गेली होतीस आणि तांब्यातलं पाणी गार झालं होतं.

लोक म्हणाले, देवीनं नेलं. कुणी म्हणालं, पुरानं नेलं. माझं नाव कुणी घेतलं नाही, उलट पोरीनं बहिणीची सेवा केली म्हणाले. त्या कौतुकापायीच वर्षाच्या आत मला तुझ्या जागी उभं केलं. लेकराला मावशीसारखी आई दुसरी कोण, म्हणाले. ज्यांना दाजी म्हणत होते त्यांना 'अहो' म्हणायला लागले. तुझी जोडवी माझ्या बोटात आहेत. घट्ट होतात.

आणि यंदा सीनेला पुन्हा पूर आला. तुझ्या वेळेइतका नाही, पण आड पुन्हा बुजला आणि पटकी पुन्हा आली. परवा शांताचे डोळे तसेच खोल गेले. या वेळी कुणी कंपाउंडरही आला नाही. मी चुलीवर पाणी ठेवलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "मधे याल तर तुमचा मुलाहिजा ठेवणार न्हाय मी."

त्या मधे आल्या नाहीत. उठल्या, फडताळातला मिठाचा झाकणाचा सट काढला आणि माझ्याकडं न बघता पुढं केला.

मीठ, अक्का! मी मागितलंही नव्हतं. म्हणजे चाचांचं बोलणं त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना कधीपासून पटलं होतं? तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी की दोन वर्षांनी? मला विचारायचं धाडस झालं नाही. दोन दिवस त्या पोरीचं डोकं धरून बसल्या आणि मी घोट घोट पाजत राहिले.

म्हणून आज रडले. शांता वाचली, म्हणजे तूही वाचली असतीस. इतके दिवस मला निदान शंकेचा आधार होता. कुणास ठाऊक, पाणी देऊनही गेली असती, असं म्हणून झोपता येत होतं. तुझ्या पोरीनं बरी होऊन तेवढंही काढून घेतलं.

दुपारी ती माझ्या मांडीवर पडली होती. म्हणाली, "मावशे, माझ्या आईलाबी तू असंच पानी पाजलंतंस का गं?"

मी म्हणाले, "व्हय."

आत्याबाई समोरच ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अक्का, हा खोटेपणा मी राहू देणार नाही. पोर जरा हिंडायला लागली की तिला पुढ्यात बसवून सांगेन. तुझ्या आईनं चारदा पाणी मागितलं, ते माझ्याजवळ होतं, आणि मी दिलं नाही. एवढंच सांगेन. हात कुणाच्या डोक्यावर होता ते तिला कधी सांगणार नाही, आत्याबाईंनाही सांगू देणार नाही. आपल्यापायी आई गेली, हे तिनं जन्मभर वागवायला नको. तिनं माझाच राग करावा. वचन देते.

तुझी धाकटी,
यमू