सतरा नंबरचं उत्तर

३ फेब्रुवारी
आज सामानसुमानासकट पंपहाउसच्या क्वार्टरमध्ये आलो, मी आणि बाबा. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, समोर पाण्याची उंच टाकी. बाबांनी आल्या आल्या व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि लेकीच्या नोकरीच्या घरात राहणारा मी आमच्या खानदानातला पहिलाच, असं म्हणत मिशीला पीळ दिला.

काम माझ्या आवडीचं. इथले पंप आणि मीटर जुने, पण धडधाकट. त्यांना फक्त वायरीवरून बोलता येतं. सोळा यंत्रं एका वायरीला जोडायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि वायरीच्या टोकाला सिमकार्डवाला डबा बसवायचा. डबा एकेका नंबराला हाक मारणार, यंत्र आपले आकडे सांगणार आणि ते मोबाईलच्या नेटवर्कवरून थेट मुख्य ऑफिसात दिसणार. हाक मारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. बाबा म्हणाले, एवढी शिस्त आपल्या घरात कधीच नव्हती.

७ फेब्रुवारी
वायर ओढून झाली. इथल्या पंपचालकांना सगळे मामा म्हणतात. मामा शिडीवर, बाबा खाली वायरीचं उघडं टोक धरून. बसा म्हटलं तर ऐकतील तर शपथ. दुपारी डबा चालू केला. सोळाच्या सोळा बोलले. ऑफिसातून साहेबांचा फोन आला, शाबासकी मिळाली. संध्याकाळी आम्ही तिघांनी चहावर चहा प्यायला.

९ फेब्रुवारी
एक गंमतच झाली. डबा सोळाच्या पुढच्या नंबरांनाही हाका मारत राहतो. तिथून काही यायला नको. पण लॅपटॉपवर सतरा नंबर उत्तर देताना दिसतोय. दोन आकडे. पहिला बहात्तरच्या आसपास, दुसरा सदतीसच्या थोडा खाली. मामा म्हणाले, वायरीत ओल शिरली असेल. सगळे जोड उघडून पाहिले. कोरडे खडखडीत. आणि सतरा नंबरचं यंत्रच इथे नाही.

११ फेब्रुवारी
बाबा हौसेने टाकीचा जिना चढून गेले. सतराचा पहिला आकडा शंभराच्या वर. ते खाली येऊन टेकले तसा तो उतरला. योगायोग म्हणून सोडून दिलं. पण चैन पडेना. घरातलं रक्तदाबाचं यंत्र त्यांच्या दंडाला बांधलं. नाडी सतराच्या पहिल्या आकड्याशी जुळली. थर्मामीटर लावला. तोही दुसऱ्या आकड्याशी जुळला. बाबा विचारत होते, आज माझी कसली परीक्षा घेतेस. मी हसले. थर्मामीटर डबीत ठेवला.

१२ फेब्रुवारी
नको हे, म्हणून डबा बंद केला. व्हरांड्यात बाबा मामांना माझी गोष्ट सांगत होते, मी लहानपणी रेडिओ खोलून आतली माणसं शोधत होते ती. मध्येच थांबले. तोंड उघडं, हात हवेत तसाच. मामा त्यांना गदागदा हलवत होते. मी धावत जाऊन डबा चालू केला. बाबांनी सोडलेल्या शब्दापासून गोष्ट पुढे सांगायला घेतली. त्यांना काही कळलंच नाही. मामा उठले आणि फाटकाबाहेर गेले.

१३ फेब्रुवारी
मामा आले नाहीत. डॉक्टर येऊन गेले, वयाच्या मानाने ठणठणीत म्हणाले. बाबांना गाडीत बसवून इथून निघाले. फाटक ओलांडलं तशी त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. गाडी मागे घेतली. बाबा म्हणाले, डुलकी लागली वाटतं.

१५ फेब्रुवारी
वारा सुटलाय. सिग्नल एक काडी. सिग्नल गेला की बाबा थांबतात. घास हातात, पापणी अर्धी. मी डब्याची अँटेना हातात धरून गच्चीवर — वारा हिसकावून घेतोय —

१६ फेब्रुवारी
साहेबांचा फोन. सोळाच्या पुढचं तुमच्याकडे काही नाही, ते नंबर विनाकारण लाइन अडवतात, उद्या ऑफिसातूनच सगळे काढून टाकतो म्हणाले. मी सांगितलं, सतरा नंबर माझे बाबा आहेत. पलीकडे कोणीतरी हसलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, मॅडम, थोडी रजा घ्या.

१७ फेब्रुवारी
सकाळपासून फोन लावतेय. उचलत नाहीत.

बाबांनी विचारलं, तू काल जेवलीस का. हो म्हटलं. बाकीचं नाही सांगितलं — कसं सांगू —

त्यांचा हात घट्ट धरून बसलेय. गरम आहे. आकडाही तेच सांगतोय.

लॅपटॉपवर आणखी एक ओळ — अठरा. अठराही उत्तर देतोय. मी भरभर लिहिते तसा तो चढतोय. श्वास रोखला की —

हात सोडला. अठरा तरीही उत्तर देतोय.

फोन वाजतोय. साहेबच. सांगते त्यांना, बटण दाबू नका, इथे एक नाही, दोन माणसं आहेत, आम्ही दोघंही अजून