हयातीचा दाखला

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आज दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी माझी नणंद कौशल्या अकोल्याहून माझ्या मयतीला आली. दार मीच उघडलं.

फाटकापासूनच गळा काढला होता — "वयनी वोऽऽ, मले सोडून कशा गेल्या वोऽऽ!" मागे चार बायका, रस्त्यात भाड्याची गाडी. मला पाहिल्यावर तिचा सूर त्या 'वोऽ'वरच अडकला. कौशल्याचं तोंड उघडं आणि आवाज बंद! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"वयनी... तुमी?"

"नाही, माझं भूत. चहा घेणार?"

एका बाईच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं. पिठलं-भाकरी. कडू घास! मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून नातेवाइकांनी आणायचा तो. माझा कडू घास, मलाच.

मग तिच्या मुलानं, नितेशनं, फोन पुढे केला. त्यात चित्रफीत, माझा चिरंजीव शिवम. त्याचा रॉक बँड — 'सत्तेचाळीस डिग्री'. अकोल्याच्या उन्हाळ्यावरून नाव ठेवलंय, अक्कल तेवढीच. सध्या जगाच्या दौऱ्यावर आहेत. शुक्रवारी प्राग शहरात, स्टेजवर, घामानं ओला होऊन माइकमध्ये सांगत होता — "माही माय गेली. मले तिच्या मातीलेबी येता आलं नाही." मग अंधार, आणि हजारो गोऱ्या लोकांनी फोनचे दिवे वर धरले.

"काल रात्री पायलं, मामी. तुमाले फोन लावला तं बंद," नितेश म्हणाला. फोन राजापेठेतल्या दुकानात काच बदलायला दिला होता. दोन दिवस फोन नाही, तर यांनी मला तिरडीवर बांधलं!

आणि भाषा पाहा. 'माय'. 'माती'. या मुलाला मी कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं.

आरडाओरडा ऐकून खालून कहकशाँ वर आली, गळ्यात टेप तशीच. तळमजल्यावर तिचं शिवणकाम चालतं. आधी तिची आई खुर्शीदबी होती, आता ही. पिढीजात भाडेकरू. "चाची, मले तुमाले एक सांगायचं होतं—"

"तू ब्लाउज शिव," म्हटलं. घरचा तमाशा, त्यात भाडेकरू कशाला?

ते गेल्यावर भाकरी खाल्ली. टाकायची कशाला? पिठल्यात मीठ कमी. जन्मभर या बाईच्या हाताला मीठ नाही. माझ्या मरणाला तरी घालायचं.

सोमवार, १० नोव्हेंबर

फोन दुरुस्त होऊन आला. शिवमला संदेश पाठवला — "दि. ७ रोजी प्राग येथे तू जाहीररीत्या केलेल्या विधानाचा लेखी खुलासा करावा. मी हयात आहे." एकतीस वर्षं आस्थापना शाखेत काढली. माझ्या सहीचा 'खुलासा करावा' हातात पडला की भलेभले पाणी मागायचे.

दोन निळ्या खुणा उमटल्या. संध्याकाळी उत्तर — "टूरवर आहे. अकोल्यात भेटू."

ना आई, ना नमस्कार. जिवंत आहे हे वाचून 'बरं झालं' एवढंही नाही!

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम अकोल्यात आहे. शनिवार, एकोणतीस.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ज्या अल्बमसाठी हा दौरा चाललाय तो टीव्हीवर लावला आणि लाल पेन घेऊन बसले. नाव 'काजबटण'. बारा गाणी, मिळून एकच गोष्ट — एक मुलगा, त्याची माय, सकाळ ते रात्र. बाराव्यात माय मरते. स्टेजवर बाराही ओळीनं वाजवतात, मध्ये टाळी वाजवायची नाही असा दंडक. म्हणजे लंडनपासून प्रागपर्यंत दर रात्री माझा खून, आणि तोही शिस्तीत.

चुका:

पहिलं गाणं गाणंच नाही. काहीतरी खुडखुडतं, बंद पडतं, परत खुडखुडतं, बंद, मग फटफट सुरू होऊन दूर दूर जातं, आणि दाराची कडी वाजते. पाऊण मिनिट नुसता गोंगाट. कापायला हवा होता.

दुसऱ्यात माय पायानं मशीन चालवते आणि मुलगा मशीनखाली झोपतो. मी आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही.

पाचव्यात परीक्षेच्या दिवशी माय काहीतरी पुटपुटून त्याच्या कपाळावर फुंकर घालते. मी फुंकर फक्त चहावर घालते.

आणि सगळ्यात मोठं — बारा गाण्यांत माय एकदाही रागावत नाही. हे तर धादांत खोटं!

पण मग माझ्या शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसचा कवितेचा तास आठवला. कवितेतली वस्तू म्हणजे ती वस्तू नसते. सुई म्हणजे माझी जीभ. मशीन म्हणजे माझं ऑफिस. फुंकर म्हणजे संस्कार. असं वाचलं की नीट लागतं. पोराला मांडणी येते, एवढं मान्य करावं लागेल. कुठून आली, तेही उघड आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कौशल्याचा फोन. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणे. "पण वाढून वाढून किती वाढन, वयनी!"

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बँकेत हयातीचा दाखला दिला. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात सिद्ध करावं लागतं. बोट ठेवलं, मशीननं लगेच मान्य केलं. पोटच्या पोरापेक्षा मशीन बरं.

रविवार, १६ नोव्हेंबर

काल टोरांटोत मेले. आज सकाळी चित्रफीत पाहिली.

बाराव्या गाण्यात वरून पांढरं कापड पडतं आणि सगळं थांबतं. पहिल्या रांगेत एक गोरी मुलगी होती, नाकात बाळी, केस निळे. ढसाढसा रडत होती. शेजारच्यानं खांद्यावर हात ठेवला तो तिनं झटकून टाकला. माझ्यासाठी! माझ्या स्वतःच्या सासूसाठी मी इतकी रडले नव्हते.

तो भाग चार वेळा पाहिला.

बाजारातही लोक थांबवतात आता. "मॅडम, पोरानं तुमच्यावर गाणे केले म्हणे!" बँकेतल्या मुलीनं खुर्ची दिली. मरणं इतकं काही वाईट नाही. फक्त आधी विचारायला हवं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कहकशाँ पुन्हा जिन्यात उभी. "चाची, ते गाण्याचं—" मी म्हटलं, आवडली ना गाणी? मग झालं तर. तिनं मान खाली घातली. हिची आईही अशीच; बोलायचं असलं की आधी जमिनीकडे बघायची.

खुर्शीदबीला जाऊन दोन वर्षं झाली. मयतीला मी गेले नव्हते, कंबर धरली होती. शिवमला नवव्या दिवशी कळवलं. मुंबईत त्याचं रेकॉर्डिंग सुरू होतं. भाडेकरणीसाठी पोरानं काम टाकून धावत यायचं? ऐकलं आणि त्यानं फोन ठेवून दिला. तेव्हापासून तुटक वागतो. नाव व्हायला लागलं की पोरं अशीच होतात.

लहानपणी तिच्याकडे असायचा, हे खरं. माझी सहा वर्षं अकोल्याला बदली, रोजचं अप-डाउन. हे नोकरीनं चिखलदऱ्याला, रविवारपुरते यायचे. पहाटे मी लुनावर बडनेरा स्टेशन गाठायची, रात्री परत. तोवर तो खालीच झोपलेला. उचलून वर आणला की रडायचा. मग तिथेच राहू दिला. खुर्शीदबीला त्याचं काय विशेष? चार पोरांत पाचवं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अकोल्याच्या कार्यक्रमाचा पास आला. पहिली रांग. एकच. दोन पाठवता आले असते, पण असो — आई एकच असते.

ठरलं. बारावं गाणं संपेल, कापड पडेल, अंधार होईल, लोक रडायला लागतील. तेव्हा मी उठून उभी राहणार. जांभळी पैठणी. फोनचा दिवा स्वतःच्या तोंडावर धरणार. एक शब्द बोलणार नाही. पुढचं काय ते त्यानं बोलावं. अख्ख्या अकोल्यासमोर बोलावं!

खाली उतरताना कहकशाँला पास दाखवला. ती म्हणाली, "आमालेबी आले, चाची. भाईनं घरच्या सगळ्यायले पाठवले. सात. पयल्या रांगेचे."

सात! शिलाईवाल्यांना पहिली रांग. तिकिटं खपत नसावीत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नितेशचा फोन. अकोल्याची व्यवस्था तोच पाहतोय. "मामी, शेवटच्या शोले स्टेजवर मायची खरी वस्तू ठेवाची हाय म्हनते शिवम. बुधवारी टेम्पो येऊन राहिला तुमच्या इथं."

"कोणती वस्तू?"

"थे नाई सांगतलं त्यानं. म्हने, घरच्यायले माहीत हाय."

घरच्यांना म्हणजे मला. दुपारभर घरात हिंडले. काय आठवत असेल त्याला माझं? कपाटात साड्या. भिंतीवर निरोप समारंभाचा फोटो. माझा चष्मा? फूटपट्टी?

मग जिन्याखाली लुना दिसली. उशा, गाद्या, जुने पंखे, सगळ्याच्या मागे. अर्थात! दुसरं काय असणार?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

गल्लीच्या तोंडाशी नत्थुजींचं गॅरेज आहे. त्यांच्याकडून लुना काढवली. तीन दिवस राबले बिचारे, आणि तोंडही तितकंच चाललं. "मॅडम, हिले आता देवघरात ठेवा, रस्त्यावर काहून काढता?"

"जगभरचे लोक पाहणार आहेत हिला."

"मंग तं टायर बदलाच लागन."

आज दुपारी बसले तिच्यावर. दोनदा पेडल मारलं, बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली. पहिल्यापासून हीच खोड हिची. नत्थुजी कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले, मी फाटकात उभी राहून ऐकत होते. आवाज बारीक होत गेला.

हँडल घासलं, सीट पुसली. उद्यासाठी झेंडूचा हार सांगितलाय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

टेम्पो साडेदहाला आला. सोबत नितेश, दोन माणसं. मी पोर्चमध्ये लुनाजवळ उभी. हार घातलेला.

"सावकाश चढवा. हँडल डावीकडे ओढतं."

ड्रायव्हरनं फोनमध्ये पाहिलं. "हे नाई, बाई. मशीन न्याची हाय. शिलाई मशीन. तळमजला, खुर्शीदबी."

मी म्हटलं, तुझा पत्ता चुकला. तेवढ्यात कहकशाँचं दार उघडलं. मशीन आधीच पुसून ठेवलेली होती, वर आईची ओढणी. नितेश फोनमध्ये डोकं घालून उभा राहिला. "मामी, मले तं वाटलं..."

"चाची, मी पयल्या दिवसापासून सांगून राहिली होती," कहकशाँ म्हणाली. जमिनीकडे बघत. "भाई अम्मीलेच माय म्हने. लहानपनापासून. थे गाणे अम्मीचे हायत."

"आणि मला?"

"तुमाले?" तिला प्रश्नच कळला नाही. "तुमाले तं आई म्हने ना."

हुद्दा सांगावा तसं सांगितलं.

माणसांनी मशीन चढवली. फार जपून. ओढणी सरकली तर एकानं नीट केली. टेम्पोचा फाळका लावताना ड्रायव्हरनं लुनाकडे पाहिलं. "हेबी टाकू का? जागा हाय."

"नको."

नितेश जाताना पाया पडला. याआधी कधी पडला होता?

हार काढून ठेवला. उद्या फुलं वाया जातील, तुळशीत टाकीन.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पहिलं गाणं पुन्हा लावलं. खुडखुड, बंद. खुडखुड, बंद. तिसऱ्यांदा सुरू. गल्लीच्या तोंडाशी आवाज बारीक होत जातो. मग खालच्या दाराची कडी.

मसुदा —

चि. शिवम,

तुझ्या बारा गाण्यांत मी पाऊण मिनिट आहे, आणि त्या पाऊण मिनिटात मी फक्त जाते. ती लुना रोज रात्री परत यायची. एकही दिवस चुकली नाही. परतीचा आवाज का वगळला, याचा लेखी खुलासा उद्या, शुक्रवार, दि. २८ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत करावा. तोंडी उत्तर चालणार नाही. तू झोपलेला असायचास, ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही.