सरगचच्या अकरा विहिरी

प्रिय फरामर्ज,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. चमशूरच्या पोस्टात पाकिटं वाफेवर धरून उघडतात असं सगळे म्हणतात, आणि हल्ली सगळे म्हणतात ते मला खरंच वाटतं. खजूर भरून बिर्जंदकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हाती देते आहे. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी कियुमर्स शेजारच्या खोलीत असतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी नवरा घरात असताना सख्ख्या भावाशी बोलायची मला चोरी. ही पाळी या दोन वर्षांत आली.

दा बरी आहे. गुडघे तेवढे गेले. सकाळी अंगणात ऊन आलं की खुर्ची सरकवत सरकवत त्याच्या मागे फिरते. रोज एकदा विचारते, "तिकडे बिर्जंदला थंडी फार असते का गं?" तुझं नाव मात्र घेत नाही. नाव निघालं की कियुमर्स चहाचा पेला बशीत आपटतो. तेवढं तिला पुरतं. आईला लेकाचं नाव घ्यायला जावयाची परवानगी लागते, असं घर आहे हे सध्या.

जिल्हा झाल्यापासून गावात काय बदललं म्हणशील, तर पाटी. जुन्या गोदामाला निळा रंग दिला, झेंडा लावला, आत जिल्हाधिकारी बसतो. त्याच्या दारात रोज चाळीस माणसं उभी, आणि चाळिसांपैकी प्रत्येकाला वाटतं की बाकीचे एकोणचाळीस आपल्याविरुद्ध अर्ज घेऊन आलेत. शूर नदी तशीच खारट. वारा दक्षिणेचा असला की सडक्या अंड्याचा वास तसाच घरात येतो, आणि तेलविहिरींच्या वायूच्या मशाली सरगचच्या पठारावर तशाच जळतात. पण त्या पाहून आता लोक म्हणतात, "त्या आपल्या नाहीत, शेजारच्या देहअनार जिल्ह्याच्या आहेत." आगही परकी झाली.

जिल्हा हवा म्हणून आपण काय काय केलं, तुला आठवतं ना? मागच्या जनगणनेला मी आपल्या गल्लीची प्रगणक होते. अहवाज, इस्फहानहून लोक गाड्या भरून आले होते, तीन दिवस इथे राहून डोकी मोजून द्यायला. कियुमर्सच्या चुलतभावाच्या तीन खोल्यांत मी चौदा माणसं लिहिली. मेलेली खातून मावशीसुद्धा मी जिवंत लिहिली. कियुमर्स हसून म्हणाला होता, "मावशी आयुष्यभर गावाच्या उपयोगी पडली, अजून एकदा पडू दे." सगळे हसले. एकटे बाबा हसले नाहीत. मी तुझं नाव घरात लिहायला घेतलं तर त्यांनी माझी पेन्सिल धरली. "जो इथे झोपत नाही, तो इथे मोजायचा नाही." मला तेव्हा राग आला होता. जिल्ह्याच्या अर्जावर पहिला अंगठा ज्या माणसाचा, तोच आपल्या मुलाचं एक डोकं गावाला देईना!

मग बाबा गेले, ऐन थंडीत. आणि त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी ते पाहिलं. बाहेर मंडपात रडणं चाललं होतं, मी पेले आणायला आतल्या खोलीत आले, तर तू पत्र्याच्या पेटीसमोर उभा. झाकण उघडं. मला पाहिलंस आणि झाकण टाकलंस. "काही नाही, ददू," म्हणालास. आजोबांचा कुरणाचा कागद त्याच पेटीत असायचा. सरगचचं पठार ओढ्यापर्यंत आपल्या कुळाचं, असं सांगणारा गावातला तो एकच कागद. पाहुणे गेल्यावर मी पेटी उपसली. कागद नव्हता. मी कुणाला काही बोलले नाही. तुलाही नाही. तिथेच माझं चुकलं, पण ते आत्ता कळतंय.

वसंतात नकाशा लागला. चमशूर जिल्हा झाला होता. हद्द मात्र ओढ्यावर नव्हती, शूरच्या घळीवर होती. घळीपलीकडचं सगळं पठार, सात घरांची सरगच वाडी आणि अकराच्या अकरा विहिरी देहअनारच्या. प्रदूषणापोटी सरकार जे देतं तेही तिकडेच. मिठाई वाटायला आणलेल्या पोरींनी टोपल्या तिथेच टाकल्या. तीन दिवस तिठ्यावर टायर जळत होते. जुने टायर कियुमर्सच्याच दुकानातले, आणि तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "नकाशा कचेरीत आपला माणूस आहे म्हणून आपण निवांत झोपलो. आपल्या माणसानेच विकलं." त्याने तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. दुसऱ्या सकाळी दाच्या भिंतीवर काळ्या रंगात 'नकाशाचोर' लिहिलेलं होतं. मी चुना लावला. शाळेत चौथीतली एक मुलगी उभी राहून मला विचारते, "बाई, तुमच्या भावाला देहअनारवाल्यांनी घर दिलं का?" चौथीतली मुलगी! मी तिला बस म्हणाले. नाही म्हणाले नाही.

तू एकदा आलास, आठवतं? जेवायला थांबला नाहीस. मी तुला दारात विचारलं, "रेघ कुणी ओढली, फरामर्ज?" तू म्हणालास, "रेघ नदीने ओढली, ददू." मला वाटलं, शिकलेला माणूस शब्दांत लपतोय. पुढे तुझ्या कचेरीत तो निनावी अर्ज गेला, चौकशी झाली, तुझी बदली इतक्या लांब झाली. तुझा संशय कियुमर्सवर आहे, हे मला दाकडून कळलंय. त्यावर मी बोलणार आहे, पण शेवटी. तेच आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि पुढचं तू वाचायलाच हवंस.

या शरदात, मेहर महिन्यात, पुन्हा जनगणना झाली. मागच्या खेपेच्या मेलेल्या मावश्या वर कुणाच्या तरी लक्षात आल्या असाव्यात, कारण यंदा कुणालाही स्वतःच्या गावात मोजायला ठेवलं नाही. देहअनारच्या मास्तरांना आमच्याकडे धाडलं आणि मला देहअनारकडे. माझ्या यादीत शेवटी होतं सरगच. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, जावं. ज्यांच्यासाठी आपण लुटले गेलो ती सात घरं बघावी तरी. खरं सांगते, मी मोजायला गेले नव्हते, पुरावा शोधायला गेले होते. नवी मोटार, नवा पंप, काहीतरी दिसेल.

काही नव्हतं. जिप्समच्या पांढऱ्या टेकड्या, शेळ्या, आणि वाडीच्या डोक्यावर चार नंबरची मशाल, बाबांनी तेल कंपनीचा पहारेकरी म्हणून तीस वर्षं राखलेली. तिथल्या मुलांचे डोळे लाल असतात. एक रस्ता मात्र नवीन होता, वाडीपासून देहअनारच्या दवाखान्यापर्यंत. माझ्या मनात लगेच आलं, बघ, आपल्या विहिरींचा रस्ता.

सगळ्यात वरच्या घरात बीबी शाहसनम म्हणून म्हातारी राहते. तिने मला चहा दिला, ओकच्या फळांच्या पिठाची भाकरी पुढे ठेवली. मी विचारलं, घरात किती माणसं? "पाच," म्हणाली. "सहा असती. सात असती." मी पेन्सिल थांबवली. तशी तिने विचारलं, "पोरी, तू चमशूरची ना? कुणाची?" मी बाबांचं नाव सांगितलं. म्हातारीने माझ्या हातातला पेला काढून घेतला. मला वाटलं, आता हाकलणार. तिने तो फेकून दुसरा, घट्ट चहा ओतला, जो घरच्यांना देतात, आणि माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला.

हद्द ठरायच्या आधीची गोष्ट. तिची सून, नाझी, बाळंतपणाला अडली होती. पावसाळी सकाळ. देहअनारहून रुग्णवाहिका मागवली, तर उत्तर आलं, सरगच आमच्या हद्दीत नाही, चमशूरला विचारा. चमशूरला विचारलं, तर घळीत पाणी. तेव्हा बाबांनी पहारा सोडून तिला कंपनीच्या गाडीत घातलं आणि घळीत उतरले. मध्यावर गाडी रुतली. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत, फरामर्ज. पाणी उतरलं तेव्हा गाडीत जिवंत माणूस एकच होतं, आणि ते बाबा. तो दिवस मला आठवतो. ते कमरेपर्यंत चिखलात घरी आले होते, आणि दाला म्हणाले, "गाडी बंद पडली." दोन दिवस जेवले नाहीत. आपण समजलो, गाडीसाठी कंपनीची बोलणी खाल्ली असतील.

"मग हद्द मोजायला सरकारी माणसं आली," शाहसनम सांगू लागली, "तेव्हा तुझे बाबा स्वतःहून वर आले. तिपाईवर दुर्बीण लावून एक बारीकसा चष्मेवाला साहेब उभा होता. तुझे बाबा त्याला म्हणाले, लिही. घळीपलीकडे चमशूर नाही, कधीच नव्हतं. ज्यांच्या डोक्यावर ही आग जळते, त्यांना उलट्या दिशेने मरायला पाठवू नका. लिही. तो पोरगा लिहीना. म्हणाला, तुम्हाला गावात कुणी पाणी देणार नाही. तुझे बाबा म्हणाले, तू लिही, पाण्याचं मी बघतो."

मी विचारलं, तो साहेब कोण होता, ठाऊक आहे का? म्हातारी हसली. "दोघांनी ओळख दाखवली नाही. पण निघताना वारा सुटला, तर तुझ्या बाबांनी त्या साहेबाच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली. सरकारी माणसाच्या कोटाची चेन कोण लावतं, पोरी?"

मग तिने उशीच्या अभ्र्यातून आजोबांचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. बाबांनीच तो तिला दिला होता, "आमच्या घरात राहिला तर कुणीतरी वापरेल" असं सांगून. मी घडी उलगडून पाहिली आणि परत तिच्या हातात दिली. मग पाच माणसं लिहिली. शाहसनमने विचारलं, "बरोबर लिहिलंस ना? आम्ही पाचच आहोत." मी म्हणाले, बरोबर लिहिलं.

परतताना मी गाडी घळीत थांबवली, तेव्हा मला उलगडलं. तर चाळिसाव्याला तू पेटीत काही घ्यायला गेला नव्हतास. बाबांनी तुझ्यासाठी दोन ओळी तरी ठेवल्यात का, ते बघायला गेला होतास. हो ना? थंडीत ते गेले, नकाशा वसंतात लागला. गावाचं पाणी तोडून घ्यायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही, ती तुझ्यावर आली. आणि तू दाच्या भिंतीवरची अक्षरं वाचलीस, माझा दारातला प्रश्न ऐकलास, आणि नदीचं नाव सांगून गेलास. बाबांचं सांगितलं नाहीस. एकदा जरी सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता का? मी स्वतःला हे रोज विचारते. नसता ठेवला. म्हणाले असते, मेलेल्या बापावर ढकलतोय.

आता शेवटचं. तू दाला म्हणाला होतास की तो निनावी अर्ज डाव्या हाताने लिहिलाय, पण लिहिणारं शिकलेलं आहे, एकही चूक नाही. शाळेत तिसरी घंटा झाल्यावर, मुलं खेळायला गेली असताना, वर्गात बसून तो मी लिहिला, फरामर्ज. कियुमर्सने लावून दिलं नाही, त्याला आजही ठाऊक नाही. तो रस्त्यात उभा राहून ओरडला, आणि मी, तुझी बहीण, नाव न घालता लिहिलं की या माणसाने देहअनारकडून पैसे घेऊन रेघ सरकवली. परवा शनिवारी मी अहवाजला तुझ्या जुन्या कचेरीत गेले. अर्ज फायलीत होता. साहेब म्हणाले, लाच सिद्ध झालीच नाही. साक्षीदार स्वतःचा बाप आहे हे तू लपवलंस, एवढ्यावर बदली झाली, आणि का लपवलंस याला तू शेवटपर्यंत उत्तर दिलं नाहीस. मी त्यांच्यासमोर उजव्या हाताने माझं नाव लिहिलं, शाळेचं नाव लिहिलं, आणि आरोप खोटा आहे असं लिहून दिलं. ते म्हणाले, "बाई, यात तुमची नोकरी जाईल." जाईल बहुतेक. गावाला बाबांचं सांगायचं की नाही, ते तू ठरव, तो हक्क तुझाच आहे. मला क्षमा कर असं मी लिहीत नाही, ते लिहिणं फार सोपं आहे. पण हा अर्ज कुणाचा, हे उद्या गावभर होईल, कुणीतरी तुला फोन करून तिखटमीठ लावून सांगेल, आणि ते तू परक्याच्या तोंडून ऐकावंस हे मला सहन होणार नव्हतं. दाला अजून सांगितलेलं नाही. कियुमर्सलाही नाही. आधी तुला.

तुझीच,
ददू माहबानू